वाटेवरचे राळे

परळी वैजनाथ,
मार्गशीर्ष, सोमवार

प्रिय बिभीषण,

अक्षर ओळखू येणार नाही, उगाच डोकं खाजवू नकोस. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मला अक्षर नव्हतंच. घरात पाटी-पेन्सिल आली ती तुझ्यासाठी. तुझी पाटी पुसून द्यायची, एवढंच माझं शिक्षण. आता थोडं आलंय तर सहन कर. आणि घाईनं शेवटची सही बघायला जाऊ नकोस. आधी सगळं वाच, मग पत्र चुलीत घालायचं तर घाल.

साखरा पहिल्या बाळंतपणाला तुझ्या घरी धारूरला आलीय, असं कळलं. तिचे दिवस भरत आलेत, पण पोरगी धड जेवत नाही, दिवेलागण झाली की थरथर कापते आणि कुणाला जवळून उठू देत नाही, हेही कळलं. कुणी सांगितलं ते पुढं लिहीन. आई असती तर तिनं मांडीवर डोकं घेऊन थोपटलं असतं. आई गेल्याचंही मला असंच तिऱ्हाइताच्या तोंडून कळलं. पोटभर रडायला सवड नव्हती, पंगत ताटकळली होती, म्हणून भाकरी थापता थापताच रडून घेतलं.

तुझं पुस्तक वाचलं. पुण्याहून दर्शनाला आलेला एक यात्रेकरू केसरबाईच्या ओसरीवर ते विसरून गेला. केसरबाई म्हणजे मी जिच्याकडे राहते ती. वैजनाथाला येणाऱ्या लोकांना जेवू घालायचं तिचं काम, आणि मी तिच्या हाताखाली. पोथीवर माझं बोट धरून धरून तिनंच मला वाचायला शिकवलं. ‘मोगलाई मुलखातील पिशाच्चकथा’ हे नाव वाचलं आणि खाली तुझं नाव, आप्पांच्या नावासकट. खोटं कशाला बोलू, मला लई आनंद झाला. आपल्या आप्पांचं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यावरून हात फिरवला.

दुपारची भांडी आवरली की बायका जरा टेकतात, तेव्हा मी मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. बारवेतला मुंजा, किल्ल्याच्या बुरुजावरचा खवीस, घाटात गाड्या अडवणारा वेताळ. बायका एकमेकींना चिकटून ऐकत होत्या. छान लिहितोस तू, नावं ठेवायला जागा नाही. लहानपणी शेळी हरवली तरी आप्पांना सांगताना तू त्यात लांडगा घालायचास, तीच खोड अजून आहे. मग आली ‘धारूरची हडळ’. चार वाक्यं वाचली नाहीत तोच मी थांबले. केसरबाईनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला आणि उरलेलं स्वतः वाचलं. मी लसूण सोलत बसले.

मानमोडीच्या साथीत बाळंत होऊन मेलेली बाई. अमावास्येच्या मध्यरात्री केस मोकळे सोडून, उलट्या पावलांनी ती माहेरच्या दारात येते आणि आपलं तान्हं लेकरू मागते. ऐकता ऐकता एकीनं छातीवर हात ठेवून सांगितलं, की तिच्या मावशीनं ही हडळ डोळ्यांनी पाहिलीय, दात हे एवढाले. मी म्हटलं, असतील बाई. आणि सोललेला लसूण तिच्या पुढ्यात सरकवला. हडळीच्या हातचा ठेचा तिनं संध्याकाळी दोनदा मागून खाल्ला.

आता कळलं ना, कोण लिहितंय ते? भिऊ नकोस. किंवा भी, मला त्याचं आता काही वाटत नाही. मी मेले नव्हते, एवढंच. आणि हे तुला ठाऊक आहे.

पुस्तकाच्या सुरुवातीला तू लिहिलंस, की सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून ऐकलेल्या आहेत. मग माझी पण ऐक. ते साल आठवतंय ना? घरोघर माणसं तापानं फणफणत पडलेली, मढं उचलायला खांदे मिळत नव्हते. साखराचे वडील तिकडं चकलांब्याला त्याच तापात गेले आणि मी माहेरी, भरल्या दिवसांची. साखरा झाली आणि माझं अंग गार पडत गेलं. मला ऐकू सगळं येत होतं, पण ओठ हलत नव्हते. कुणीतरी म्हणालं, गेली. आप्पा स्वतः तापात. शेजारच्यांनी घाईनं उचललं. सरणाला लाकूड नव्हतं, गावातलं सगळं आधीच्यांनाच लागलं होतं. मला ओढ्याच्या काठाला ठेवून, वर बाभळीचे फाटे टाकून माणसं लाकूड बघायला गेली, ती परत आलीच नाहीत. त्यांच्यातलाच कुणी आडवा झाला असेल. मी त्यांना बोल लावत नाही. पण जाताना त्यांनी रीत मात्र चुकवली नाही.

ती रीत तू शहरातल्या वाचकांना किती बेतशीर समजावून सांगितलीस. बाळंतपणात गेलेली बाई लेकराच्या ओढीनं परत येते, म्हणून मसणवट्यापासून घरापर्यंत वाटेवर राळे टाकायचे. दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला पुढं येता येत नाही, वेचता वेचता उजाडतं आणि ती माघारी फिरते. शिवाय उंबऱ्यात लोखंडाचे खिळे ठोकायचे. सगळं बरोबर लिहिलंस. बाई जिवंत निघाली तर काय करायचं, तेवढं रीतीत नाही, म्हणून तुझ्या पुस्तकातही नाही.

मी जागी झाले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. कसली अमावास्या नि कसली मध्यरात्र, गुरं रानात सुटली होती. काटे बाजूला करून उठले. अंगात त्राण नव्हतं, पोट पाठीला लागलेलं. पुढं वाटेवर पिवळे राळे सांडलेले दिसले. अशा टंचाईच्या दिवसांत एवढं धान्य कुणी सांडलं, म्हणून मला आधी वाईटच वाटलं. मग मी खाली बसले आणि वेचून खायला लागले. कच्चेच, मातीसकट. थोडे खायचे, थोडं सरकायचं, पुन्हा बसायचं. भूक लागली होती रे मला. बाळंतिणीची भूक कशी असते, ते तुझ्या बायकोला विचार. तेवढ्यात धुळाजी धनगर मेंढरं घेऊन आला, आणि त्यानं काय पाहिलं, तर मेलेली छबू केस मोकळे सोडून राळे वेचतीय. मेंढरं तिथंच टाकून तो बोंबलत गावात पळाला. तुझ्या पुस्तकातला ‘एक विश्वासू धनगर’ तो हाच. त्याचं काही चुकलं नाही. त्यानं पाहिलं ते खरंच होतं.

मी आपल्या दाराशी पोचले तोवर आख्खी आळी कड्या लावून बसली होती. आत साखरा रडत होती. तिचा आवाज ऐकला आणि मला पान्हा फुटला, चोळी भिजली. मी म्हणाले, “आये, दार उघड. लेकरू भुकेलंय.” आतून आई बोलली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. इतक्या मायेनं ती माझ्याशी जन्मात कधी बोलली नव्हती. “जा माय माझे. तुझं लेकरू म्या संभाळते, उपाशी न्हाई ठिवत. तू जीव गुतवू नगस. जा.” मी दार वाजवत राहिले आणि ती आतून रडत रडत मला जा म्हणत राहिली. आम्ही दोघी एकाच दाराला टेकून रडत होतो, बिभीषण. मधे फक्त फळी होती.

मग तू खिडकीचं दार थोडं उघडलंस. माझ्या तोंडाकडं नाही बघितलंस. माझ्या पायांकडं बघितलंस, चांगलं निरखून. ते सरळ होते. ठेचाळलेले होते, काट्यांनी फाटलेले होते, पण सरळ होते. याच पायांनी तुला पाठीवर घेऊन मी जत्रेला नेलं होतं. मला वाटलं, सुटले. माझा शिकलेला भाऊ आता आत सांगेल, आये, पाय सरळ हायेत, आक्का जित्ती हाय. तू खिडकी लावून घेतलीस. मी उन्हात किती वेळ थांबले ते मला माहीत नाही. आतून कुणाचाच आवाज आला नाही, साखराचासुद्धा. तिला कुणीतरी गप्प केलं असणार. शेवटी आळीतून दगड यायला लागले, तेव्हा मी निघाले.

तू तेव्हा भ्यालास, लहान होतास, ते मी कधीच सोडून दिलं. आई भ्याली, तिलाही माफ केलं. पण पुस्तक लिहिताना तू लहान नव्हतास. दिवाणखान्यात बसून, दौतीत टाक बुडवून, शांतपणे लिहिलंस, की हडळीची पावलं उलटी होती. ज्यानं सरळ पाहिली, त्यानंच उलटी लिहिली. गावानं मला एकदा मारलं, तू मला छापून मारलंस. हा घास काही केल्या माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. परळीला जाणाऱ्या एका गाडीवानानं मला गाडीत घेतलं. तो परगावचा, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. केसरबाईनं घाटाच्या पायरीवरून उचलून नेलं आणि कशाला आलीस, कुठून आलीस, काही न विचारता आधी कण्या शिजवून वाढल्या. साखरा चालायला लागली असेल त्या सुमाराला मी एकदा धारूरच्या बाजारात येऊन गेले, तोंडावर पदर ओढून. ती आईच्या कडेवर होती. गळ्यात ताईत, दंडाला काळा दोरा, कमरेला बिब्बा. बांगडीवाल्या बाईनं विचारलं, एवढं सगळं कशाला बांधलंय, तर आई म्हणाली, हिची माय फिरती ना बाई अजून. मी हात लांबवला असता तर पोरीच्या केसाला लागला असता. पुढं झाले असते तर पुन्हा दगड आले असते. माझ्यावर आले असते तर चाललं असतं, पण ती माझ्या शेजारीच होती. मी बांगड्या न भरता परत आले.

धुळाजी भेटला तो पुष्कळ वर्षांनी, शिवरात्रीच्या यात्रेत. पंगतीत बसला, मी वाढायला गेले आणि तो पांढराफटक पडला. जेवेना, नुसता माझ्या पायांकडं बघत बसला. मग ताट बाजूला सारून उठला आणि म्हणाला, “आक्का, म्या तवा लई भ्यालतो.” एवढं बोलून पुन्हा पंगतीत बसला. मी त्याला पुन्हा वाढलं. तेव्हापासून तो इकडं आला की साखराची खबर आणतो. तिचं लग्न झालं, तेही त्यानंच सांगितलं. मी इथं आळीभर साखर वाटली, कशाची ते कुणाला सांगितलं नाही.

परवा तो आला तो तोंड पाडून. म्हणाला, साखराला कुणीतरी तुझं पुस्तक वाचून दाखवलं. तेव्हापासून तिनं एकच धरलंय, की आपली माय आपल्याला बाळंतपणात न्यायला येणार. तुझ्या बायकोनं घाबरून उंबऱ्यात आणखी खिळे ठोकून घेतलेत. इथं परळीत किती बाळंतिणींना मी शेक दिलाय, किती लेकरांना न्हाऊ घातलंय, बायका मला हात धरून बोलावून नेतात. आणि माझी एकुलती एक लेक माझ्याच भीतीनं वाळत चाललीय. अंगात रक्त नसलेल्या बाळंतिणीचं काय होतं, ते मला कुणी पुस्तकातून सांगायला नको.

म्हणून हे पत्र. माफी माग म्हणून लिहिलं नाही, पुस्तकाचंही नंतर बघू. धुळाजी हे तुझ्या हातात देईल आणि गाडी घेऊन परत मला न्यायला येईल. मी येतेय. पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं, ते मी करणार. तोवर तू साखराला जवळ बसव. गोष्ट सांगायची तुला हातोटी आहे, तर ही एक खरी सांग, खिडकीतून काय दिसलं होतं ते. उंबऱ्यातले खिळे उपटून ठेव. मी भर दुपारी येईन आणि वेशीपासून चालत येईन, म्हणजे सगळ्या आळीला माझे पाय दिसतील. तू आत बसू नकोस, दारात उभा राहा, आणि आधी काय बघायचं ते तुला माहीतच आहे. वाटेवर राळे तेवढे टाकू देऊ नकोस कुणाला. शिजवून ठेवा. मला चालून भूक लागलेली असेल.

तुझीच, पाठीवर घेऊन जत्रा दाखवणारी,
आक्का
(छबू)