दोरा कुणी बांधला

मंगळवार, ता. १ फेब्रुवारी १९२७

चर्चमधल्या संजीवन सभांचा पहिला दिवस. नगरहून आलेले उपदेशक दोन तास बोलले. सगळी मंडळी रडली — गिरणीतली माणसं, शाळेतल्या बाया, पंच निंगप्पासुद्धा! त्यांनी उभं राहून चोरून दारू पीत असल्याचं कबूल केलं. मला काही म्हणता काही झालं नाही. पदरात तोंड लपवून बसले. बाहेर आल्यावर बाया म्हणाल्या, "पाळकीणबाई किती रडल्या!" पदर ठणठणीत कोरडा होता.

बुधवार, ता. २

आमच्या शमूला जाऊन चार महिने होतील. घटसर्पानं पाच दिवसांत नेलं. तेव्हापासून मी अशीच. खाते, पिते, शाळेत शिकवते, प्रार्थनाही म्हणते.

इथं तरी खरं लिहिते. चौथ्या दिवशी लेकराला श्वास घेववेना, तेव्हा मी बजाबाईला म्हटलं, धनगरांच्या मायाक्कादेवीचा दोरा आणून दे. ती आमच्याकडे कामाला. जन्मानं धनगर, बाप्तिस्मा घेऊन सहा वर्षं झाली. ती म्हणाली, "न्हाय बाई. आता येसूच हाय की आपल्याला." मग मीच भवानी पेठेतल्या देवळात गेले — पाळकाची बायको! दोरा आणला, शमूच्या दंडाला बांधला.

अखेरची आंघोळ घालताना तो बायांना दिसला. मी गप्प. बजाबाईच पुढं झाली — "म्या बांदला." सगळ्यांना लगेच पटलं. धनगरीण ना! यांनी पाळक म्हणून, पंचांना बसवून, तिचं प्रभुभोजन, मंडळीतली भाकर नि पेला, बंद केलं. तेव्हाही मी गप्पच.

गुरुवार, ता. ३

सभा. जेवण. झोप.

शुक्रवार, ता. ४

हे जेवताना म्हणाले, "रविवारी बजाबाईनं मंडळीपुढं पश्चात्ताप करावा. मग तिला परत भोजनात घेऊ." माझ्याकडे पाहिलं नाही. मी आणखी एक भाकरी वाढली.

बजाबाई मागं भांडी घासत होती. मी म्हटलं, "उभी राहू नकोस. तू काही केलेलं नाहीस."

"ऱ्हाईन की! चार शबूद तर हायत. तुमी बोलला तर सायबांचं पाळकपण जाईल. माजं काय जातंय?" मग हात थांबले तिचे. "लई दिस झालं बाई, पेला ओठाला लागून. तेवढंच लागतंय मनाला."

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याची मात्र भीती वाटली.

शनिवार, ता. ५

यांना सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही.

रविवार, ता. ६

बजाबाई उठली. "म्या पापी हाय..." एवढं म्हणाली आणि मी उभी राहिले. कशी ते ठाऊक नाही. म्हटलं, "दोरा मी बांधला. तिनं मला नको म्हटलं होतं. मी तिच्या आड लपले." बजाबाई माझा पदर ओढत होती — "बसा की बाई, बसा!" आज कुणी रडलं नाही.

मग प्रभुभोजन. यांनी बजाबाईला पेला दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून ओठाला लावला. माझ्यासमोरून मात्र हे तसेच पुढं गेले. बरोबरच केलं. तरी आत काही हललं नाही. घरी येऊन डाळ शिजत घातली.

सोमवार, ता. ७

सकाळी चूल पेटवत होते. हे शेजारी येऊन जमिनीवर बसले. म्हणाले, "दोरा मी पाहिला होता. शमू होता तेव्हाच. डॉक्टरबाई आल्या तशी मीच त्याची बाही खाली ओढली. आणि शिक्षा तिला दिली."

"मग सोडून का टाकला नाही?"

"सोडवेना गं."

मी रडले. मोठ्यानं.