रुसकीचं थेंबभर रक्त

छकुलीच्या आईस,

मी खुशाल आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. तुझी चक्कर थांबली का? छकुली पालथी पडायला लागली का?

मला आता धारा काढायच्या कामावरून गुरांच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली दिलंय. व्यायलेल्या गाईंचं रक्त तपासायचं. इथे रुसकी म्हणून एक गाय आहे. व्यायला दोन महिने झाले, दोन बादल्या दूध देते, पण माजावर येईना. मुकादम म्हणाला, "भाकड निघाली, विकून टाका."

बाईंनी तिच्या रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर ठेवला, यंत्रावर चढलेला आकडा पाहिला. म्हणाल्या, "खाते त्याहून जास्त देतेय ही. स्वतःची चरबी वितळवून दूध करतेय. आधी तिचं अंग भरू दे."

मी बघतच राहिलो. एवढ्या थोरल्या जनावराचं दुखणं मुगाएवढ्या थेंबात! हंबरली नाही, आटली नाही, नुसती झिजत राहिली. पुढच्या गर्भाला मात्र तिच्या अंगानेच थोपवून धरलं होतं. खुराक वाढवला, तसा यंत्रावरचा आकडा उतरत गेला, आणि काल ती आपणहून माजावर आली. मला तूच आठवलीस.

आई दुसऱ्या बाळाची घाई करतेय, हे तू नाही, ताईने कळवलं. आईला सांग, मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, आधी बाळंतिणीचं अंग भरू द्या. डॉक्टरीण कोणाची, ते सांगू नकोस.

आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर नव्हे, आधी तू जेव.

तुम्हा दोघींचा,
छकुलीचा बाबा