बाबांच्या हाताला पेलेल असं

कोल्टर्स बेंड, आर्कन्सा
रविवार, ११ ऑक्टोबर १९९८, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं

ती. वर्नाताई,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी गिरणीमागे ट्रकमध्ये बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहितोय. घरून तुला फोन लावला की बाबा आतल्या खोलीतला फोन उचलून ऐकतात, आणि त्यांच्याबद्दल त्यांच्याच कानात बोलणं मला जमत नाही. तूही उत्तर गिरणीच्या पत्त्यावर पाठव.

मंगळवारी बाबा त्यांचं पंचेचाळीसचं पिस्तूल नॅडीनच्या हॉटेलातल्या संडासात विसरले. नशीब, ते नॅडीनलाच सापडलं. तिने ते पावाच्या टोपलीत ठेवलं, वर रुमाल टाकला आणि टोपली त्यांच्यासमोर आणून म्हणाली, ऑर्व्हल, तुमचा पाव गार होतोय. सगळं टेबल हसलं. बाबाही हसले, पण कॉफी अर्धी टाकून घरी आले आणि दोन दिवस बाहेर पडले नाहीत.

आपल्या दुकानावर दरोडा पडला तेव्हा तू कॉलेजात होतीस. बाबांना आणि आईला जमिनीवर पालथं झोपवलं होतं. त्या आठवड्यापासून सकाळी आधी पँट, मग पिस्तूल, मग टोपी, हा क्रम बाबांनी एक दिवस मोडलेला नाही. आता दुकान नाही, आईही नाही, क्रम तेवढा आहे. तो मोडला तर ते घराबाहेर पडणार नाहीत, हे मला नक्की ठाऊक आहे.

पण ते वाळलेत. त्या पिस्तुलाच्या ओझ्याने पँट एका बाजूला उतरते. हात थरथरतो. गेल्या शनिवारी तळ्यावर सरावाला गेलो, तर पहिल्या झटक्याने हात वर उडाला आणि दुसरी गोळी आमच्या पायांपुढे चिखलात गेली. बाबा म्हणाले, साप होता. साप नव्हता, ताई.

१४ नोव्हेंबरला पिस्तूल बाळगायच्या परवान्याच्या नूतनीकरणाची परीक्षा आहे. तीस गोळ्या झाडून दाखवायच्या. म्हणून छोटं, शर्टाखाली लपेल असं पिस्तूल घ्यायचं ठरवतोय. प्रश्न बोअरचा, म्हणजे गोळीच्या मापाचा आहे. नॅडीनकडच्या टेबलावरचे हॉबर्टकाका म्हणतात, पंचेचाळीस नाहीतर सरळ दगड मारावेत. पाद्रीबाईंच्या पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्यांशेजारी बावीसचं असतं. ते बाबांना सुचवलं तर म्हणाले, माझं खारींशी काही भांडण नाही. नऊ एमएमचं नाव काढायची सोय नाही, ते तुला सांगायला नको. लहानपणी त्या मापाच्या रिकाम्या काडतुसाची शिट्टी वाजवत मी घरात आलो आणि थोबाडीत खाल्ली. युद्धात जर्मनांच्या ज्या मापाच्या गोळीने बाबांचे भाऊ, आपले ऑल्टनकाका गेले, ते माप बाबांच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

राहिलं तीनशे ऐंशीचं. आकडा मोठा दिसतो, पण गोळी लहान, झटका कमी. मी सगळं वहीत मांडून पाहिलंय. तुझं मत कळव.

रॉसदाजींना नमस्कार. माया आहेच, आटू देऊ नकोस.

तुझा,
डॉयल


टकोमा, वॉशिंग्टन
१६ ऑक्टोबर

चि. डॉयल,
अनेक आशीर्वाद.

पावाच्या टोपलीचं वाचून आधी हसले आणि मग उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. नॅडीनऐवजी तिथे एखादं पोर गेलं असतं तर?

तू बोअर मोजत बसलायस. लहानपणीही तळ्यावर जायचं ठरलं की तू आधी गळ मोजायचास, तोवर मासे झोपून जायचे. प्रश्न बोअरचा नाही रे. त्यांच्याकडून पिस्तूल काढून घ्यायला हवं. मी इथे बसून हे म्हणते आणि करायचं तुला, हेही मला कळतं. म्हणून जोराने म्हणत नाही. पण म्हणते.

त्यांच्या जेवणाचं लिही. फक्त हॉटेलातल्या पावावर राहतात का?

नीट राहा. माझ्या बोलण्याचा राग आला तर तो पत्रातच काढ, मनात ठेवू नकोस.

तुझी,
ताई


कोल्टर्स बेंड
रविवार, २५ ऑक्टोबर, सकाळी सव्वासात, बाबा दाढी करत असताना अंगणातून

ती. ताई,
सा. न. वि. वि.

राग नाही. बाबा संध्याकाळी सूप आणि मक्याची भाकरी खातात. भाकरी मी करतो, ती न फुगता बसते, पण ते त्यावर बोलत नाहीत.

काल त्यांना प्रुइटच्या बंदुकांच्या दुकानात घेऊन गेलो. हॉबर्टकाका न बोलावता आले. प्रुइटने तीनशे ऐंशीचं काढलं. तळहातात मावेल एवढं, काळं, छान. बाबांनी ते डाव्या हातात धरलं आणि वरची स्लाइड मागे ओढायला गेले. पहिली गोळी चढवायला ती ओढावीच लागते. सरकली नाही. पुन्हा ओढली. मग पिस्तूल पोटाशी धरून ओढली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. हॉबर्टकाका म्हणाले, अरे ऑर्व्हल, पिस्तूल आहे ते, लोणच्याची बरणी नव्हे. कोणी हसलं नाही.

चूक माझी. लहान गोळी म्हणजे हलकी स्प्रिंग, असं मी धरून चाललो होतो. प्रुइटने मला बाजूला घेऊन सांगितलं की इथे दर आठवड्याला कोणीतरी आईसाठी नाहीतर बायकोसाठी हीच चूक करतं. या छोट्या पिस्तुलात गोळीचा सगळा जोर एकटी स्प्रिंग झेलते, म्हणून ती कडक ठेवावी लागते. नऊ एमएममध्ये नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकतात, त्यामुळे स्प्रिंग मऊ चालते. गोळी मोठी, पण ओढायला सोपं. हे विचारायचं मला सुचलंच नाही, आणि चार माणसांत बाबांना तिथे उभं केलं.

मग अडतीसचं रिव्हॉल्व्हर पाहिलं. त्याला स्लाइड नाही, पण चाप जड. बाबांचं सांधे धरलेलं बोट अर्ध्यात थांबलं.

परत येताना बाबा म्हणाले, प्रुइटचा माल पूर्वीसारखा राहिला नाही. मी हो म्हटलं.

आता एकच माप उरतं. मला झोप लागत नाही.

प्रेम कमी करू नकोस, हल्ली त्याची फार गरज पडते.

डॉयल


टकोमा
३० ऑक्टोबर

चि. डॉयल,
आशीर्वाद.

चूक तुझी नाही. तू त्यांचा मान राखायला गेलास.

तीन दिवस विचार केला. ऐक. त्यांना नऊ एमएमच दाखव. लपवाछपवी करू नकोस, कुठलं माप आहे ते त्यांना वाचू दे. ते भडकतील, ऑल्टनकाकांचं नाव काढतील, प्रुइटला चार शब्द सुनावतील आणि ताठ मानेने दुकानाबाहेर पडतील. पिस्तूल आपण काढून घेतलं असं होणार नाही, त्यांनीच नाकारलं असं होईल. माणसाला नाही म्हणायला मिळालं की अर्धं दुःख कमी होतं. मग पंचेचाळीसचं कपाटात ठेवायला मी फोनवर गोडीत सांगेन.

सोबत दीडशे डॉलर पाठवतेय. लागणार नाहीत, पण रिकाम्या खिशाने गेलास तर बाबांना नाटक लगेच कळेल. ते तेवढे हुशार आहेत.

काळजी घे. पत्राची वाट पाहते, तू मात्र माझ्या उत्तराची वाट पाहत थांबू नकोस.

ताई


कोल्टर्स बेंड
रविवार, १५ नोव्हेंबर, दुपारी चार, ट्रकमध्ये, इंजिन बंद

ती. ताई,
सा. न. वि. वि.

ते नाही म्हणाले नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी गेलो. प्रुइटला मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने पिस्तूल मऊ कापडावर ठेवलं. बाबांनी चष्मा लावला, बाजूवर कोरलेलं बोटाने वाचलं, मोठ्याने वाचलं, नऊ एमएम. मी दाराकडे पाहत होतो, म्हणजे ते निघाले की टोपी द्यायला बरं. हॉबर्टकाका खुर्चीतून अर्धे उठले होते.

बाबांनी स्लाइड ओढली. सहज सरकली. म्हणाले, हे बरं आहे, हातात बसतं, आधी का नाही दाखवलंस रे?

ताई, मी थांबलो. वाटलं, आत्ता आठवेल. प्रुइट कापडाची घडी घालत बसला. हॉबर्टकाका उठून गाडीकडे गेले. बाबांनी स्वतः पट्ट्यातून पंचेचाळीसचं काढून मोडीत दिलं आणि भावात घासाघीस केली. दहा डॉलर वाढवून घेतले. त्यांना एवढं खूश मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

घरी येताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाबा, ऑल्टनकाका काय म्हणाले असते? ते जरा विचार करून म्हणाले, ऑल्टन म्हणजे तो गिरणीवरचा का? चांगला पोरगा आहे, पण त्याला बंदुकीतलं काय कळतं.

काल परीक्षा झाली. तीसपैकी अठ्ठावीस. तिथल्या मास्तरांनी हात मिळवला आणि म्हणाले, चौऱ्याहत्तराव्या वर्षी असा हात पाहिला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कागद काढायला निशाणाच्या फळीमागे गेलो आणि तिथून मला लवकर बाहेर येता आलं नाही.

कागद फ्रिजवर लावलाय. आता नेम चांगला आहे, झटका झेपतो, स्लाइड सरकते. मी वहीत लिहिलं होतं ते सगळं जमलं. समोर कोण उभं आहे हे त्यांना कळेल की नाही, एवढंच मी लिहिलं नव्हतं. संध्याकाळी गिरणीवरून आलो की आता मी लांबूनच मोठ्याने माझं नाव सांगत घरात शिरतो.

काय करू, ते लिही.

डॉयल


टकोमा
१९ नोव्हेंबर

चि. डॉयल,

माझाच डाव होता. ते विसरू शकतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लांब राहिलं की माणूस आपल्याला शेवटचा पाहिला तसाच वाटत राहतो.

ते काढून घे. थँक्सगिव्हिंगच्या आधी. काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मला विचारू नकोस. जे सांगशील ते बरोबर.

ताई


कोल्टर्स बेंड
बुधवार, २५ नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा

ती. ताई,
सा. न. वि. वि.

उद्या थँक्सगिव्हिंगला तुझा फोन येईल, त्याआधी हे तुझ्या हाती पडणार नाही. म्हणून आत्ताच माफी मागतो.

काल न्याहारी झाल्यावर मी बाबांना म्हटलं, पिस्तूल माझ्याकडे द्या. ते म्हणाले, का, काही चुकलं का? मी म्हटलं, नाही. त्यांनी फ्रिजकडे बोट दाखवलं, म्हणाले, अठ्ठावीस लागल्यात ना? मी म्हटलं, लागल्यात. म्हणाले, मग?

तुझं पत्र आल्यापासून मी वाक्यं जुळवत होतो. एकही आठवलं नाही. समोर बाबा बसले होते, दाढी केलेले, टोपी गुडघ्यावर, नॅडीनकडे निघालेले. माझ्या तोंडून निघालं, ताईचं म्हणणं आहे. ती ऐकत नाही. पिस्तूल घरात असेल तर येणार नाही म्हणते.

तू असं कधी लिहिलं नाहीस. मी खोटं बोललो.

बाबांनी गोळ्यांचं मॅगझिन काढलं, स्लाइड मागे घेतली, आत बोट घालून रिकामं असल्याची खात्री केली आणि नळी भिंतीकडे करून टेबलावर ठेवलं. अगदी नीट, मला शिकवलं होतं तसं. मग म्हणाले, पोरगी आईवर गेलीये, हुकूम सोडायला पुढे. तिला सांग, फोन करायची तसदी घेऊ नकोस.

टोपी खुंटीला लावली आणि आत जाऊन झोपले. नॅडीनकडे गेले नाहीत. आजही नाही.

माझा राग कर. करायलाच हवा.

डॉयल


टकोमा
२७ नोव्हेंबर

चि. डॉयल,
अनेक आशीर्वाद, आणि हे शब्द मी नुसते सवयीने लिहीत नाही.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण काल फोनवर कळलंच. मी हॅलो म्हटलं. बाबा म्हणाले, मिळालं का मनासारखं? आणि फोन ठेवला. मी बराच वेळ तसाच कानाला लावून बसले. रॉस टर्की कापायचा थांबला होता.

माझं नाव सांगितलंस ना? बरं केलंस. मनापासून म्हणते. त्यांना रोज सकाळी तुझ्या हातची कॉफी घ्यायची आहे, तू बसवलेली भाकरी खायची आहे. राग धरायला कोणीतरी लांबचं हवं. मी दोन हजार मैलांवर आहे. एवढाच माझा उपयोग, तो होऊ दे.

आणि खरं सांगू? ते माझ्यावर रागावलेत, म्हणजे मी कोण ते त्यांना अजून माहीत आहे. राहू दे तो राग. तू समजूत घालायला जाऊ नकोस.

मी दर रविवारी फोन करत राहीन. त्यांनी ठेवला तर ठेवला.

तुझीच,
ताई


कोल्टर्स बेंड
रविवार, ६ डिसेंबर, दुपारी सव्वातीन, ट्रकमध्ये

ती. ताई,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं.

हॉबर्टकाका रोज सकाळी येऊन बाबांना दंडाला धरून नॅडीनकडे नेतात. म्हणतात, चल, माझं पिस्तूल आहे ना बरोबर, दोघांना पुरेल. बाबा जातात. चालताना उजवा हात अजून शर्ट खाली ओढतो.

पिस्तूल प्रुइटला परत दिलं. बाबांनी विचारलं, पैसे कुठायत? मी पुन्हा तुझंच नाव सांगितलं, की तू मागून घेतलेस. एकदा खोटं बोललो ते बोललो, हे तरी खोटं राहू नये म्हणून पैसे सोबत पाठवतोय. हिशेब असा:

पिस्तूल, पंचेचाळीसचे दोनशे तीस वळते करून: १५५ डॉलर
काडतुसं, दोन डबे: २२
परीक्षेची फी: ४०
एकूण खर्च: २१७
प्रुइटकडून परत आले: ३००
पैकी तुझं देणं: १५०, ते फिटलं
उरलेले १५० बाबांच्या पंचेचाळीसचे. ते परत पाठवू नकोस. बाबा दर दोन दिवसांनी विचारतात, आणि मी सांगतो, ताईकडे आहेत.

डॉयल