आप्पांचा आवाज अपलोड होईपर्यंत

नवनाथ,

चाकणहून आल्या आल्या तू लॅपटॉपमध्ये जागा करायला बसशील, म्हणून चिठ्ठी कीबोर्डवरच ठेवलीय. झाकण लावू नकोस आणि ऑनलाइन ड्राइव्हची कॅशे, म्हणजे लॅपटॉपवरचा तात्पुरता साठा, इतक्यात साफ करू नकोस.

काल लॅपटॉपवर आप्पांचा आवाज रेकॉर्ड केला. उद्या घशाचं ऑपरेशन झाल्यावर तो राहीलच, असं डॉक्टर सांगत नाहीत. त्या फाइल अजून अपलोड होतायत, तोवर त्या फक्त कॅशेतच आहेत. अपलोड पूर्ण झालं की मोबाइलवर उघडून खात्री कर. मगच ड्राइव्ह बंद करून कॅशे उडव. ड्राइव्हच्या फोल्डरमधलं काही डिलीट केलंस, तर ते सगळीकडूनच जाईल.

आप्पा आधी बोलेचनात. "माझं काय ऐकायचंय?" म्हणाले. मग तुझ्या लहानपणाचं विचारलं, तर थांबेचनात! इंद्रायणीत पोहायला शिकताना तू भीतीनं त्यांचे कान धरून ठेवायचास म्हणे.

मी त्यांना घेऊन हॉस्पिटलला जातेय. पिठलं-भाकरी झाकून ठेवलीय. जेव, थोडा झोप. आज मात्र ओव्हरटाइमचं कारण सांगू नकोस, संध्याकाळी ये. रेकॉर्डिंग नंतरही ऐकता येईल रे. आज त्यांच्याशी बोल.

दीपाताई