सासरचं चार मजली दुकान

३ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासरचं दुकान तू बिल्डरला विकतेस, असं पेपरात वाचलं. सख्ख्या बहिणीला कळवायला पेपर छापावा लागतो, एवढी मोठी माणसं झालात तुम्ही. तिथल्या हातमोज्यांच्या काउंटरवर मी उमेदीची वर्षं उभी राहिले. तू एकदा रिबीन घ्यायला आलीस आणि मालकाची सून झालीस. नशीब ज्याचं त्याचं. पण तो मधला रुंद जिना, वरचा रंगीत काचांचा घुमट... सही करताना निदान पेन तरी चांगलं वापर.

माया कमी करू नकोस, किंमत वाढत नाही त्याने.

ताई

११ मार्च

ती. ताईस, सा. न.

घुमटाचं कौतुक करायला तुझं काय जातं? गळतो तो माझ्या डोक्यावर. आजेसासऱ्यांनी खांब देवळासारखे उभारले, खिडक्या राजवाड्यासारख्या, घड्याळ स्टेशनासारखं. डोळ्यांना दिसलं ते बसवलं. हे गेल्यापासून एवढ्या इमारतीत मी आणि कबुतरं. बहुमत त्यांचं. गिऱ्हाईक येतं ते सावलीला टेकायला. सोमवारी सही करतेय.

रागाव, पण पत्र टाकत जा.

तुझी धाकटी

२ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

सही झालीच नाही. बिल्डरचा इंजिनिअर डावीकडची भिंत ठोकून बघत होता, तर पलीकडून शेजारच्या बँकेच्या मॅनेजरनं ठोकून विचारलं, काय चाललंय. तेव्हा उलगडा झाला. आजेसासऱ्यांनी आणि बँकेनं खर्च वाचवायला मिळून एकच भिंत बांधली होती. दोघांचे गर्डर तिच्यातच. आमचं दुकान पाडलं की बँक आपसूक खाली बसते. बिल्डर पाणीही न पिता गेला. घराण्याच्या दुकानाला कलेनं नाही तारलं, कंजूषपणानं तारलं!

मी जिन्यावर बसून पोट धरून हसले. मग रडू कोसळलं. शेजारी कुणीच नव्हतं. वरची गिऱ्हाइकांसाठीची चहाची खोली आता रिकामीच आहे, ताई. राहायला येतेस?

वाट बघणारी,
धाकटी

९ एप्रिल

चि. धाकटीस, आशीर्वाद.

शनिवारी येते. कबुतरांना कल्पना दे.

त्या दुकानात मी कायम नोकरांच्या मागच्या दारानं शिरले. तुझ्या लग्नाची मेजवानी तिथेच होती. तेव्हाही रखवालदारानं मला सवयीनं मागे वळवलं, आणि मीही सवयीनं वळले. तुला कुणी सांगितलं नसेल.

या वेळी पुढच्या दारानं येईन. दार तू उघड.

ताई