करकोचा दिसल्याशिवाय

सोफिया, मंगळवार

आई,

तुझ्या हाताचा मुका घेऊन लिहिते. काळजी करू नकोस. बाबा जेवतात, इस्पितळातल्या दह्याला नावं ठेवतात. उद्या सकाळी ऑपरेशन आहे.

डॉक्टर म्हणाले, हातात काही चालणार नाही. पण एक मार्चला तू बांधलेला लाल-पांढरा धागा बाबा सोडेनात. डॉक्टरांनाच म्हणाले, "करकोचा दिसायच्या आधी सोडला तर घात होतो. तू सांगितलंस म्हणून वसंत ऋतू येतो होय रे?" नर्स हसली. तिच्याही मनगटाला धागा होताच.

शेवटी मीच खोटं सांगितलं, "बाबा, मघाशी ट्राममधून मला करकोचा दिसला." त्यांनी गुपचूप हात पुढे केला. म्हणाले, "मग जा, फुललेल्या झाडाला बांधून ये."

दुपारभर वणवण केली गं. वितोशा डोंगर अजून पांढराच आहे आणि खाली शहरात एक झाड फुललेलं नाही. धागा माझ्या खिशात आहे. हात सारखा तिकडेच जातो.

शेळी व्याली का? गुडघ्याला मलम लावतेस ना?

आपल्या धुराड्यावरच्या घरट्यात करकोचा आला का? आला नसेल तर थंडी सोस, पण चूल पेटवू नकोस. धूर बघून तो वरच्यावर निघून जाईल.

तुझी,
नेव्याना