मोंतेरिव्होच्या व्हिस्काउंटाचे गोत्र

डब्लिन, ओहायो

ज्याच्या कृपेने मुका बोलू लागतो आणि माझ्यासारखा बोलका क्वचित मुद्द्यावर येतो, त्या माधवाला वंदन करून,

तीर्थरूप दादांचे चरणी धाकट्या पुरुषोत्तमाचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा व वहिनींचा रक्तदाब ताळ्यावर असतील अशी आशा करतो. (माझी साखर उत्तम, सूनबाई शुभा लाडवांचा डबा लपवते.)

आपली नात वल्लरी थोरल्या आजोबांच्या होकारावाचून बोहल्यावर चढणार नाही, आणि आपण वराचे कुळ कळल्यावाचून होकार देणार नाही. म्हणून शोध मीच घेतला. दादा, आनंद पोटात मावत नाही! आपला दुआर्ते मोंतेरिव्होच्या व्हिस्काउंटाचा वंशज निघाला! ही पोर्तुगालच्या राजाने दिलेली सरदारकी. (मुलगा येथे संगणकाचे काम करतो, पण ते येथे सगळेच करतात.)

त्याच्या आजी, दोना ओलिंदा, रविवारी भेटीस आल्या. भर जुलैच्या उन्हात मी शाल, श्रीफळ व सात स्वरचित संस्कृत श्लोक घेऊन दारात उभा. "आजोबा, प्लीज, शाल नको, त्या ऑलरेडी घामाघूम आहेत," वल्लरी कुजबुजली. मी तिसऱ्या श्लोकावर आवरते घेतले. बाईंनी नारळ मांडीवर घेतला, आणि मी सरदारकीचा उगम विचारताच त्या हसतच सुटल्या. त्यांचा पूर्वज वाटसरूंना खांद्यावर बसवून नदी उतरवून देई. एकदा प्रत्यक्ष राजा आला (देह भरभक्कम). मध्यधारेत पूर्वजाचा पाय घसरला आणि महाराज पाण्यात बसले! तीरावर दरबारी थिजले. तेव्हा हा पठ्ठ्या स्वतःही शेजारी बसला आणि ओरडला, "महाराज स्नान करताहेत!" त्यासरशी सारा दरबार बुटांसकट पाण्यात. लाज राखली म्हणून राजाने त्याला व्हिस्काउंट केले. अट एवढीच, की ही हकीकत कोणास सांगू नये. "आम्ही ती पाळली," बाई म्हणाल्या (वल्लरीने मराठीत सांगितले), "फक्त घरच्यांना सांगतो, आणि जेवायला येतील त्यांना."

दादा, गुहाने श्रीरामांना कोरडे पार केले, त्याला आलिंगन मिळाले. याने बुडवले, याला सरदारकी! कलियुग ते हेच, पण तूर्त आपल्या पथ्यावर पडणारे. कारण मला घोर वेगळाच होता. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप मानावे, आणि आपणही काश्यप. सगोत्र म्हणून आपण स्थळ मोडलेच असते. परंतु गंगा उतरून श्रीराम प्रथम कोठे गेले? भरद्वाजांच्या आश्रमी! ज्या कुळाचे कर्मच नदी उतरवणे, ते भारद्वाज, याविषयी मला तिळमात्र संशय नाही. दुआर्तेला सांगताच तो वाकून पाया पडला आणि म्हणाला, "थँक यू, आजोबा! हे रेझ्युमेवर टाकू का?"

आपला आज्ञाधारक,
पुरुषोत्तम

ता. क. पोर्तुगालात राजेशाही कधीच संपली, तेव्हा सरदारकी आता नाही. गोत्र आहे.

ता. क. दुसरा. वल्लरीने काल रडवेल्या आवाजात विचारले, तेव्हा दादांचा होकार आला, असे मी सांगून टाकले. पत्रिका छापून झाल्या. निमंत्रकांत प्रथम नाव आपले. ती आभार मानायला फोन करील, तेव्हा कृपया आश्चर्य व्यक्त करू नये.

हे पत्र वाचणाऱ्या, ऐकणाऱ्या आणि चष्मा शोधण्याच्या निमित्ताने आपल्या खांद्यावरून डोकावणाऱ्या वहिनींसह सर्वांचे श्रीहरी कल्याण करो.